व्याधी आणि व्याधीचे सोंग : प्राचीन वैद्यांची परीक्षापद्धती

विषयप्रवेश

झोपलेल्याला जागे करता येते, झोपेचे सोंग घेतलेल्याला जागे करता येत नाही, अशी आपल्याकडे म्हण आहे. चिकित्सालयात बसणाऱ्या प्रत्येक वैद्याला या म्हणीचा अनुभव कधी ना कधी येतो. समोरचा मनुष्य कण्हत असतो, दुखते म्हणून सांगत असतो. परंतु नाडी शांत असते, जिव्हा स्वच्छ असते, संधींना शोथ नसतो. बरोबर आलेली व्यक्ती हळूच सांगते, ‘‘काही नाही हो, कामाचा कंटाळा आहे.’’ अशा वेळी वैद्याच्या मनात संशय उभा राहतो. हा संशय येणे स्वाभाविक आहे. मात्र संशय आल्यानंतर वैद्य काय करतो, यावर त्याच्या शास्त्राची आणि स्वभावाची कसोटी लागते.

व्याधीच्या सोंगाचे मराठी मनाला सर्वांत परिचित असलेले उदाहरण इ.स. १६६६ मधील आहे. आग्र्याच्या नजरकैदेत असताना शिवाजी महाराजांनी आजारपणाचे निमित्त केले आणि ऑगस्ट महिन्यात ते पहाऱ्यातून निसटले. त्यांच्या शय्येवर हिरोजी फर्जंद पांघरूण घेऊन निजले होते, असे परंपरा सांगते. पहारेकऱ्यांनी शय्येवरचा मनुष्य पाहिला आणि त्यांचे समाधान झाले. या प्रसंगातून वैद्याने दोन गोष्टी घ्याव्यात. केवळ दर्शनाने सत्य कळत नाही, ही पहिली. सोंग घेणारा नेहमी नीच हेतूनेच घेतो असे नाही, त्यामागे त्याची कोंडी असू शकते, ही दुसरी.

आपल्या संहिताकारांनी, तसेच अन्य देशांतील प्राचीन वैद्यांनी अशा संशयाला कसे तोंड दिले आणि पेठसारख्या डोंगराळ, आदिवासीबहुल तालुक्यात आज व्यवसाय करणाऱ्या वैद्याला व औषधविक्रेत्याला त्यातून काय घेता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

संहितांतील मूळ विचार : गुरुव्याधित आणि लघुव्याधित

चरक, सुश्रुत व वाग्भट यांच्या संहितांत ‘खोटा रोगी’ या नावाचा स्वतंत्र अध्याय नाही. परंतु या प्रश्नाचे मूळ ज्यात आहे तो विचार चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या सातव्या अध्यायात अत्यंत स्पष्टपणे मांडला आहे. या अध्यायाचे नावच ‘व्याधितरूपीय’ असे आहे. येथे आचार्य दोन प्रकारच्या रुग्णांचे वर्णन करतात. पहिल्याचा व्याधी गंभीर असतो. पण सत्त्व, बल व शरीर उत्तम असल्यामुळे तो किरकोळ आजारी असल्यासारखा दिसतो. हा गुरुव्याधित. दुसऱ्याचा व्याधी हलका असतो. पण सत्त्व व बल हीन असल्यामुळे तो भारी आजारी असल्यासारखा दिसतो. हा लघुव्याधित. जो वैद्य नुसत्या पाहण्यावरून निर्णय करतो तो दोन्हीकडे फसतो, असा आचार्यांचा अभिप्राय आहे. पहिल्याला सौम्य औषध दिले जाते व त्याचा रोग बळावतो; दुसऱ्याला तीक्ष्ण शोधन दिले जाते व त्याचे शरीर खचते.

येथे आचार्य लघुव्याधिताला ‘ढोंगी’ म्हणत नाहीत, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. त्याचे दुखणे व त्याचा आक्रोश यांत अंतर आहे एवढेच ते नोंदवतात आणि त्या अंतराचे कारण सत्त्वात शोधतात. हीन सत्त्वाचा मनुष्य देहाने धिप्पाड असला तरी अल्प वेदनाही सोसू शकत नाही, असे विमानस्थानाच्या आठव्या अध्यायातील सत्त्वपरीक्षेत सांगितलेच आहे. म्हणजे सांगणे आणि दिसणे यांतील विसंगती हा आपल्या शास्त्रात परीक्षेचा आरंभबिंदू आहे. तेथे परीक्षा संपत नाही.

सुश्रुताचार्य सूत्रस्थानाच्या दहाव्या अध्यायात पंचेंद्रिये व प्रश्न अशी सहा परीक्षासाधने सांगतात. त्याच ठिकाणी ते बजावतात की, नीट न पाहिलेले, नीट न सांगितलेले आणि नीट विचार न केलेले विकार वैद्याला मोहात पाडतात. या तीन दोषांपैकी रुग्णाकडे फक्त एक जातो, तो म्हणजे ‘दुराख्यात’, वाईट रीतीने सांगणे. उरलेले दोन दोष वैद्याचे आहेत! रुग्णाच्या चार गुणांत ‘ज्ञापकत्व’, म्हणजे आपला रोग सांगता येणे, याची गणना चरकाचार्यांनी केली आहे. गुण म्हणून त्याची गणना करावी लागली, कारण तो प्रत्येकात नसतो. ज्याला सांगता येत नाही तो खोटे सांगतो असे नव्हे.

कारण वेगळे, वेदना खरी

प्राचीन वैद्यांची सूक्ष्म दृष्टी सर्वांत उत्तम दिसते ती विषचिकित्सेत. चरकाचार्य चिकित्सास्थानाच्या तेविसाव्या अध्यायात ‘शंकाविष’ वर्णन करतात. अंधारात काहीतरी टोचले, सर्प असावा अशी भीती वाटली, आणि त्या भयानेच ज्वर, छर्दी, मूर्च्छा, दाह, ग्लानी, अतिसार यांपैकी लक्षणे उत्पन्न झाली. विष शरीरात नाही, पण रोग आहे. याला आचार्य काय सांगतात? शर्करा, द्राक्षा, यष्टिमधु, मधु इत्यादींचे पान, मंत्रपूत जलाचे प्रोक्षण, सांत्वन आणि हर्षण. ‘तुला काही झालेले नाही, ऊठ’ असे ते सांगत नाहीत.

सुश्रुताचार्यांनीही कल्पस्थानाच्या चौथ्या अध्यायात ‘सर्पांगाभिहत’ हा प्रकार सांगितला आहे. सर्पाचा केवळ स्पर्श झालेल्या भित्र्या मनुष्यात भयाने वायू कुपित होऊन शोथ उत्पन्न होतो. म्हणजे भयातून येणारे लक्षण नुसते तोंडी सांगण्यापुरते नसते, ते अंगावर दिसूही शकते, हे आपल्या आचार्यांना मान्य होते.

भाताच्या आवणीच्या दिवसांत चिखलात पाय घालून काम करणाऱ्या माणसांमध्ये व्यवसाय करणाऱ्यांना हे प्रकरण परके नाही. पायाला काहीतरी लागले, भगताकडे नेले, तेथून आपल्याकडे आणले, हे दृश्य पेठ, सुरगाणा, हरसूल भागात पावसाळ्यात वारंवार दिसते. मात्र येथे एक गोष्ट ठामपणे सांगितली पाहिजे. शंकाविष हे निदान सर्वांत शेवटी करावयाचे आहे. मण्यारीच्या दंशाची खूण पुष्कळदा दिसतही नाही आणि आरंभी वेदनाही नसते. पापण्या जड होणे, गिळण्यास त्रास होणे ही लक्षणे काही तासांनी येतात. म्हणून सर्पदंशाचा संशय असलेल्या रुग्णास धीर द्यावा, दंशस्थान कापू वा आवळू नये, अवयव स्थिर ठेवून प्रतिविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात तत्काळ पाठवावे. शंकाविषाचा निर्णय तेथील निरीक्षणानंतर होऊ द्यावा.

‘हा नेहमीच आजारी असतो’ ही तक्रारही जुनीच आहे. सिद्धिस्थानाच्या अकराव्या अध्यायात चरकाचार्यांनी ‘सदातुर’ म्हणून चार वर्ग सांगितले आहेत : श्रोत्रिय, राजसेवक, वेश्या आणि व्यापारी. हे लोक सदा आजारी का? कारण त्यांचा व्यवसायच त्यांना वेगांचे धारण करावयास व अवेळी जेवावयास लावतो. नित्य कुरकुरणाऱ्या माणसाकडे पाहून आचार्यांनी त्याच्या चारित्र्याचा पंचनामा केला नाही. त्यांनी त्याची दिनचर्या विचारली.

संशयाची परीक्षा : अनुमान आणि उपशय

संशय फिटणार कसा? विमानस्थानाच्या चौथ्या अध्यायात आप्तोपदेश, प्रत्यक्ष व अनुमान अशी त्रिविध परीक्षा सांगितली आहे. त्यातील अनुमानाची उदाहरणे पाहण्यासारखी आहेत. अग्नीची परीक्षा पचनशक्तीवरून, बलाची व्यायामशक्तीवरून, श्रोत्रादी इंद्रियांची त्यांच्या विषयग्रहणावरून करावी. ‘मला भूक नाही’ हे ऐकून थांबू नये, काय खाल्ले व ते केव्हा पचले हे पाहावे. ‘ऐकू येत नाही’ असे म्हणणाऱ्याच्या कानाला शब्द देऊन पाहावे.

याच अध्यायात एक विलक्षण परीक्षा आहे. बाहेर पडलेले रक्त शुद्ध जीवरक्त आहे की रक्तपित्ताचे, असा संदेह आल्यास ते कुत्र्याला व कावळ्याला घालावे. त्यांनी खाल्ले तर शुद्ध रक्त, न खाल्ले तर रक्तपित्त. आज ही परीक्षा कोणी करणार नाही. परंतु तिच्यामागील पद्धत मोलाची आहे. संदेह फेडण्यासाठी रुग्णाला छळलेले नाही, त्याला दरडावलेले नाही. परीक्षा रुग्णाच्या बाहेर घडते, आणि रुग्ण खरा असला तरी तिने त्याचे काही बिघडत नाही.

गूढलिंग व्याधीसाठी आचार्यांनी उपशय-अनुपशय ही कसोटी दिली. प्रसिद्ध उदाहरण ऊरुस्तंभ व वातव्याधी यांचे. दोहोंत मांड्या जड व वेदनायुक्त होतात. पण स्नेहनाने वातव्याधी शमतो आणि ऊरुस्तंभ वाढतो. सोंगाच्या बाबतीतही या कसोटीला महत्त्व आहे, कारण कोणत्या उपचाराने आपले दुखणे वाढावयास हवे आणि कोणत्याने कमी व्हावयास हवे, हे सोंग घेणाऱ्याला सहसा ठाऊक नसते.

याच युक्तीचा उपयोग दुसऱ्या शतकात रोममध्ये वैद्यकी करणाऱ्या गेलेन या ग्रीक वैद्याने केला होता. खोटे रोगी कसे ओळखावेत यावर त्याचे एक छोटे प्रकरण उपलब्ध आहे. त्यातील एका प्रसंगात नागरिकांच्या सभेला बोलावणे येताच एका गृहस्थाच्या पोटात कळ उठली, आणि सभा आटोपल्यावर ती थांबली. दुसरा प्रसंग एका तरुण गुलामाचा. मालक दूरच्या प्रवासाला निघण्याच्या वेळी त्याचा गुडघा सुजला. गेलेनने त्याच्या सोबत्याकडे चौकशी केली, तेव्हा गावातील एका स्त्रीवर त्याचे मन जडल्याचे कळले. सूज ‘थाप्सिया’ नावाच्या दाहक वनस्पतीच्या लेपाने आणलेली होती. गेलेनने केवळ त्या लेपाचा दाह शमवणारे, खऱ्या संधिशोथाची वेदना थांबवू न शकणारे औषध लावले व आता दुखणे थांबेल असे सांगितले. तासाभरात गुलामाने दुखणे थांबल्याचे कबूल केले.

ही परीक्षा चतुर आहे यात शंका नाही. परंतु तिच्यात एक फट आहे, आणि त्या फटीत प्रस्तुत लेखक एकदा पडला आहे.

एक अनुभव

पुष्कळ वर्षांपूर्वीच्या एका पावसाळ्यातील गोष्ट. एका निवासी शाळेतील बारा वर्षांच्या मुलाला माझ्याकडे आणले. मांड्या व दंड दुखतात अशी तक्रार. ज्वर नाही, संधींना सूज नाही, हातपाय व्यवस्थित हलतात. महिन्याभरातील ही तिसरी खेप. बरोबर आलेल्या गृहस्थांनी सांगितले, ‘‘चाचणी परीक्षा आली की याचे पाय दुखतात.’’ मी खडीसाखरेच्या चूर्णाची पुडी बांधली, ‘‘हे फार जालीम औषध आहे, अर्ध्या तासात दुखणे जाईल’’ असे सांगून तेथेच पाण्याबरोबर दिली. अर्ध्या तासाने मुलगा म्हणाला, बरे वाटते. मी सर्वांसमोर म्हटले, ‘‘याचे दुखणे पायात नाही, पुस्तकात आहे.’’ बसलेली मंडळी हसली. मुलगाही खाली मान घालून थोडा हसला.

चौथ्या दिवशी त्याला छातीत दुखून धाप लागली व ज्वर भरला. त्याला नाशिकला हलवावे लागले. तेथील रक्ततपासणीत सिकलसेल आजार निघाला. मुलगा सुदैवाने वाचला. काही महिन्यांनी त्याची आई दुसऱ्या कामासाठी आली असता तिने एवढेच सांगितले, ‘‘तुमी हसले, मंग त्यानं दुखतं म्हणून सांगायचंच सोडलं.’’

त्यानंतर मी चरकाचा व्याधितरूपीय अध्याय पुन्हा उघडला. तो मुलगा गुरुव्याधित होता. सत्त्व चांगले असल्याने तो हसू शकला आणि मी त्याला लघुव्याधितसुद्धा मानले नाही, खोटा ठरवले. माझ्या चुका मोजल्या तर त्या सुश्रुतांनी सांगितलेल्याच होत्या. मी डोळ्याची खालची पापणी ओढून पांडुत्व व पीतता पाहिली नव्हती, ही मिथ्यादृष्टी. घरात असा आजार किंवा लहानपणी मृत्यू झाला आहे काय, हे विचारले नव्हते. विचारले असते तर एक भाऊ बालपणी गेल्याचे कळले असते. आणि वेदना परीक्षेच्या वेळी येते एवढेच ऐकले. त्याच दिवसांत झडी लागलेली असते, पहाटे थंड पाण्याने स्नान होते, अंगावर ओले कपडे राहतात, याचा विचार केला नाही. शीत हा त्याचा अनुपशय होता. कसोटी हाती होती, मी ती वापरली नाही.

साखरेच्या पुडीने बरे वाटले, म्हणून दुखणे खोटे, हे अनुमानच सदोष आहे. धीराने, विश्वासाने व औषध मिळाल्याच्या समाधानाने खरी वेदनाही काही काळ कमी होते, हे आता सर्वमान्य आहे. गेलेनच्या निर्णयामागे निदान गुडघ्यावरील लेपाची खूण व सोबत्याची साक्ष होती. माझ्याकडे एक पुडी होती आणि इतरांचा अभिप्राय होता.

सिकलसेल आजार महाराष्ट्राच्या आदिवासी पट्ट्यांत आढळतो व तो आनुवंशिक आहे. केंद्र शासनाने १ जुलै २०२३ रोजी त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली असून २०४७ पर्यंतचे उद्दिष्ट ठेवले आहे. या आजाराची वेदना अनेकदा बाह्य चिन्हांवाचून येते. थंडी, भिजणे, पाणी कमी पिणे, अतिश्रम व ज्वर यांनी ती उफाळते. म्हणून आपल्या भागातील मुलाने वारंवार हातपाय दुखण्याची तक्रार केल्यास प्रथम सोल्युबिलिटी चाचणी व ती सकारात्मक आल्यास हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिस अथवा एचपीएलसी करून घ्यावी. छातीत दुखणे, धाप, तीव्र ज्वर, एकाएकी वाढलेले पांडुत्व किंवा पोटात डावीकडे वाढलेली प्लीहा दिसल्यास क्षणाचाही विलंब न करता रुग्णालयात पाठवावे.

कृत्रिम चिन्हे आणि औषधविक्रेत्याची जबाबदारी

गेलेनच्या थाप्सियाचे भाऊबंद आपल्याकडेही आहेत. बिब्बा, लाल चित्रक, रुईचा चीक आणि गुंज यांचा उपयोग अंगावर खोट्या खुणा आणण्यासाठी होतो, हे भारतीय न्यायवैद्यकात फार पूर्वीपासून नोंदलेले आहे. डॉ. जयसिंग मोदी यांच्या न्यायवैद्यकावरील सुप्रसिद्ध ग्रंथाची पहिली आवृत्ती १९२० मध्ये निघाली. त्या परंपरेतील सर्व ग्रंथांत हे विषय येतात. बिब्ब्याच्या तेलाने माराच्या वळासारखा काळपट डाग उठतो. गुंजेचे चूर्ण वा रुईचा चीक डोळ्यात घालून नेत्राभिष्यंद आणला जातो. यात दृष्टी जाण्याचाही धोका असतो.

ओळखण्याच्या खुणा अशा. बिब्ब्याचा डाग गडद तपकिरी, अनियमित कडांचा असतो. त्यावर बारीक फोड येतात व खाज असते. खऱ्या माराचा वळ दिवसागणिक रंग बदलतो, हा तसा बदलत नाही. जेथे हात सहज पोहोचतो अशाच जागी तो असतो, आणि खाजवल्याने बोटांच्या टोकांवरही तशाच खुणा सापडतात.

परंतु येथेही घाई नको. बिब्बा हे आपल्या खेड्यांत घरगुती औषध आहे. टाचांच्या भेगांना, दुखऱ्या सांध्याला तो चटका देण्यासाठी लावतात; डागण्याही देतात. तेव्हा दुखऱ्या गुडघ्यावर बिब्ब्याचा फोड दिसला, तर त्याचा अर्थ ‘याने सूज आणली’ असा होईल किंवा ‘याला इतके दुखत होते की याने बिब्बा लावून घेतला’ असाही होईल. दोन्ही अर्थ एकाच खुणेतून निघतात. निर्णय पुढील प्रश्नांनी होतो : आधी दुखणे की आधी बिब्बा? कोणी लावला? कोणाच्या सांगण्यावरून?

आपल्या वाचकांत औषधी दुकानांचे मालक बहुसंख्येने आहेत. त्यांची साक्ष येथे वैद्याच्या फार उपयोगी पडते. अशोधित भल्लातक, गुंज, चित्रकमूळ ही द्रव्ये अनोळखी व्यक्तीस मागेल तशी देऊ नयेत. कशासाठी हवीत हे विचारावे व विक्रीची नोंद ठेवावी. एखादा ग्राहक दर आठवड्यास वेदनाशामक औषध नेत असेल, तर त्याला ‘सवय लागली आहे’ असे म्हणून मोकळे न होता वैद्याकडे जाण्यास सांगावे. सोंग घेणारा मनुष्य सहसा स्वतःच्या पैशाने गुपचूप औषध नेत नाही. चार माणसांत न कण्हता जो दुकानात येऊन हळूच गोळी मागतो, त्याचे दुखणे खरे असण्याचा संभव अधिक.

वागणुकीवरून पारख : सुश्रुतांचा इशारा

‘मी माणूस चेहऱ्यावरून ओळखतो’ असा अभिमान अनेकांना असतो. सुश्रुताचार्यांनी कल्पस्थानाच्या पहिल्या अध्यायात राजाला विष देणाऱ्याची लक्षणे दिली आहेत. विचारले तर उत्तर देत नाही, बोलू लागला की गोंधळतो, असंबद्ध बोलतो, बोटे मोडतो, जमीन उकरतो, अकारण हसतो, थरथरतो. आजच्या चौकशी अधिकाऱ्यालाही ही यादी पटेल. परंतु आचार्य लगेच पुढे सांगतात की, राजाच्या भयाने वा त्याच्या आज्ञेच्या घाईने सज्जन माणसेही दुर्जनांसारख्या हालचाली करतात. म्हणून परीक्षा काळजीपूर्वक करावी.

हा इशारा प्रत्येक वैद्याने आपल्या टेबलावर लिहून ठेवावा असा आहे. पाड्यावरून आलेला, नीट मराठी बोलता न येणारा, वैद्यासमोर बसल्यावर दडपून जाणारा मनुष्य अडखळतो, दोनदा विचारले की दोन उत्तरे देतो. ते असत्याचे लक्षण नसून धाकाचे असू शकते.

संशयाने एखाद्या संपूर्ण समूहावर कसा अन्याय होतो, याचे उदाहरण पहिल्या महायुद्धात घडले. १९१४-१५ मध्ये फ्रान्सच्या आघाडीवर गेलेले हिंदी सैनिक लढाई टाळण्यासाठी स्वतःच्याच हाताला गोळी मारून घेतात, असा वहीम त्यांच्या इंग्रज अधिकाऱ्यांना आला. इंग्लंडमधील ब्रायटन येथील हिंदी सैनिकांच्या किचनेर रुग्णालयाचे प्रमुख कर्नल ब्रूस सेटन यांनी एक हजार जखमांची एकेक करून छाननी केली, आणि या वहिमाला आधार मिळत नाही असा निष्कर्ष काढला. त्यांनी तर्क लढवला नाही. त्यांनी जखमा मोजल्या. त्याच युद्धात १९१६ पासून जर्मनीत कौफमान नावाच्या वैद्याने थरथर, लुळेपणा असलेल्या सैनिकांना तीव्र विजेचे झटके देऊन ‘बरे’ करण्याची पद्धत रूढ केली. ज्या परीक्षेने खऱ्या रुग्णाला यातना होतात ती परीक्षाच नव्हे, ती शिक्षा आहे. श्वान-काकांकडे रक्त टाकणारे आपले आचार्य या बाबतीत अधिक सुसंस्कृत होते, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

मजुराचे दुखणे आणि वैद्याची सही

सोंगाचा प्रश्न बहुधा कामाशी जोडलेला असतो, आणि प्राचीन काळीही तो तसाच होता. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायानुसार, आजारी नसताना केवळ उर्मटपणाने काम न करणाऱ्या मजुरास आठ कृष्णल दंड व वेतन बंद. परंतु आजारी असलेला मजूर बरा झाल्यावर ठरलेले काम पुरे करील, तर कितीही काळ गेला तरी त्याचे वेतन त्याला मिळालेच पाहिजे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही वेतन घेऊन काम न करणाऱ्यास बारा पण दंड सांगितला आहे. मात्र अशक्त, व्याधिग्रस्त किंवा संकटात सापडलेल्यास सवलत आहे, आणि दुसऱ्याकडून काम करवून घेण्याची मुभाही आहे. दोन्ही ग्रंथांत दंडाच्या शेजारीच सवलत उभी आहे. त्या दोहोंमधील रेषा ज्याच्या परीक्षेवर ठरते, तो वैद्य.

विनयपिटकातील एक कथा याच प्रश्नाची दुसरी बाजू दाखवते. मगधात कुष्ठ, क्षय, अपस्मार आदी पाच रोगांची साथ होती. राजवैद्य जीवक राजा व भिक्षुसंघ यांचीच चिकित्सा करी. तेव्हा पुष्कळ रोगी केवळ उपचारासाठी प्रव्रज्या घेऊ लागले आणि बरे होताच चीवर टाकून निघून जाऊ लागले. शेवटी जीवकाच्या विनंतीवरून अशा रोग्यांना दीक्षा न देण्याचा नियम झाला. येथे रोग खरा होता, वैराग्य खोटे होते. उपचाराचा दुसरा मार्ग नसल्यामुळे त्या लोकांनी सोंग घेतले.

पेठ तालुक्यातील अनेक कुटुंबे भात व नागलीची कामे उरकली की दिंडोरी, निफाडकडच्या द्राक्षबागांत मजुरीला जातात. तेथून मध्येच परतलेला मजूर ‘कंबर धरली’ म्हणून येतो. मागोमाग टोळीचा मुकादम येतो व विचारतो, ‘‘खरंच आजारी आहे का?’’ एकीकडे घेतलेली उचल, दुसरीकडे दुखरी कंबर. अशा वेळी वैद्याने न्यायाधीश होऊ नये. त्याने मजुराला त्याच्या एकट्याच्या उपस्थितीत, मुकादमास बाहेर बसवून तपासावे. वाकून बूट काढताना, कपडे घालताना, खाटेवर चढताना कंबर कशी हलते हे बोलता बोलता पाहावे. फवारणीचे काम केले होते काय, हेही विचारावे. द्राक्षबागेतील औषधांची बाधा डोकेदुखी, मळमळ, अशक्तपणा अशा ‘न दिसणाऱ्या’ लक्षणांनी येते.

प्रमाणपत्र लिहिताना रुग्ण काय सांगतो व तपासणीत काय आढळले, हे दोन वेगळ्या वाक्यांत लिहावे. ‘कंबर दुखते असे रुग्ण सांगतो, पुढे वाकण्याची क्रिया मर्यादित आढळली, तीन दिवस विश्रांतीनंतर पुनर्तपासणी आवश्यक’ एवढे पुरे. न पाहिलेल्या दिवसांचे, मागील तारखेचे प्रमाणपत्र कोणाच्याही भिडेने देऊ नये. कायद्याने आवश्यक असलेले प्रमाणपत्र खोटे असल्याचे जाणून देणे हा भारतीय दंड संहितेच्या कलम १९७ नुसार गुन्हा होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही तो कायम आहे. त्याचप्रमाणे मालकाच्या आग्रहावरून ‘हा ढोंग करीत आहे’ असेही लिहून देऊ नये. ‘आज तपासणीत विशेष दोष आढळला नाही’ हे सत्य आहे. ‘रोग नाही’ हा दावा आहे.

समारोप

वरील विवेचनातून प्राचीन वैद्यांच्या आचरणाची जी सूत्रे हाती येतात, ती अशी :

१. सांगणे व दिसणे यांत विसंगती आढळल्यास तिचे कारण शोधावे. तिलाच निदान समजू नये.

२. गंभीर व्याधी सौम्य दिसू शकतो, हे प्रथम आठवावे. सोंगाचा विचार सर्वांत शेवटी करावा.

३. भयाने आलेली लक्षणे खरी असतात. त्यांना सांत्वन हेच औषध आहे. मात्र आधी विषबाधा व अन्य व्याधी नाहीत याची खात्री करावी.

४. रुग्ण खरा असल्यास ज्या परीक्षेने त्याला इजा होईल, ती परीक्षा करू नये.

५. साखरेच्या पुडीने आलेला आराम हा सोंगाचा पुरावा नाही.

६. उपशय-अनुपशय, कुलवृत्त, दिनचर्या व व्यवसाय विचारल्याखेरीज मत बनवू नये.

७. संशय खरा ठरला तरी तो चारचौघांत बोलू नये. सोंगामागे कर्ज, धाक, घरातील छळ, परीक्षेची भीती यांपैकी काही असेल, तर तेच त्या मनुष्याचे दुखणे समजून त्यावर बोलावे.

एखाद्या लबाडाने वैद्याला फसवले, तर वैद्याची दोन पुड्यांची व थोड्या अभिमानाची हानी होते. खऱ्या रुग्णाला लबाड ठरवले, तर तो पुन्हा आपले दुखणे कोणालाच सांगत नाही. पहिल्या चुकीची भरपाई होते. दुसरीची होतेच असे नाही. माझ्या चिकित्सालयात आता पावसाळ्यात एखादे मूल पाय दुखतात म्हणून आले, की मी प्रथम त्याच्या डोळ्याची पापणी खाली ओढून पाहतो आणि मगच त्याच्याबरोबर आलेल्या माणसाचे बोलणे ऐकतो.